महाधमनीची आतली वाट : शोध आणि त्याची वार्ता

विज्ञानाचा इतिहास आपण बहुधा शोधांची जंत्री म्हणून वाचतो. अमुक साली अमुक गृहस्थाने अमुक शोध लावला, एवढे वाक्य पाठ झाले की आपले समाधान होते. वस्तुतः शोध लागणे आणि त्याची वार्ता जगाला पोचणे या दोन निराळ्या घटना आहेत. त्यांच्यामध्ये कधी दोन-चार वर्षांचे, तर कधी पाव शतकाचे अंतर पडते. आणि ज्यांना त्या शोधाचा लाभ व्हायचा अशी कितीतरी माणसे या अंतरात त्याला मुकतात. महाधमनीच्या विकारांवर छाती-पोट न उघडता, रक्तवाहिनीच्या आतूनच करावयाच्या उपचाराचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. आज जगभर रूढ झालेली ही पद्धती एकदा नव्हे, दोनदा शोधली गेली. एकदा सोव्हिएत युक्रेनमधील खार्कीव शहरी आणि एकदा आर्जेंटिनातील ब्युनोस आयरिस येथे. पहिल्या शोधाची वार्ता फारशी कोणाला कळली नाही. दुसऱ्याची काही वर्षांतच खंडोखंडी पसरली. असे का झाले, आणि वार्ता पोचल्यावर तरी पुढे काय घडले, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विकाराचे स्वरूप

प्रथम विषयाची थोडी ओळख करून घेऊ. हृदयाच्या डाव्या कप्प्यातून निघणारी, कमानीसारखी वळून पाठीच्या कण्यालगत छातीतून पोटात उतरणारी आणि बेंबीच्या सुमारास दोन पायांसाठी दोन फाट्यांत विभागणारी जी सर्वांत मोठी रक्तवाहिनी, ती महाधमनी होय. मराठी विश्वकोशाने तिला महारोहिणी म्हटले आहे. पोटातील भागात तिची रुंदी साधारणपणे दोन सेंटिमीटर असते. वय, धूम्रपान, रक्तदाब, आनुवंशिकता अशा कारणांनी तिची भित्ती दुबळी झाली की रक्ताच्या दाबाने तो भाग हळूहळू फुगू लागतो. यास विस्फार म्हणतात. डॉक्टरांच्या तोंडी 'अ‍ॅन्युरिझम' हा शब्द असतो.

या फुग्याचे गणित क्रूर आहे. फ्रेंच गणिती लाप्लास याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमानुसार नळीच्या भित्तीवरील ताण नळीच्या त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे नळी जितकी फुगेल तितका ताण अधिक, आणि ताण अधिक म्हणून ती आणखी फुगणार. बहुतेक रोग्यांना याची जाणीवही नसते. दुखत नाही, खुपत नाही. आणि एके दिवशी फुगा फुटतो. फुटल्यावर पुष्कळसे रोगी रुग्णालयाच्या दारापर्यंतही पोचत नाहीत. दुसरा विकार भित्ती-विदारणाचा. त्यात धमनीचे आतले अस्तर फाटते आणि रक्त भित्तीच्या थरांमध्ये शिरून आपली नवीच वाट काढते.

या दुसऱ्या विकाराचे जुन्यांपैकी सुस्पष्ट वर्णन एका राजाच्या मृत्यूमुळे उपलब्ध झाले. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज २५ ऑक्टोबर १७६० रोजी सकाळी अकस्मात मरण पावला. राजवैद्य फ्रँक निकल्स याने शवपरीक्षा केली. हृदयाचा उजवा कप्पा फुटलेला आणि महाधमनीच्या आतल्या अंगाला आडवी चीर पडलेली त्याला आढळली. त्याने हे सारे लिहून काढले आणि रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. रोगी राजा होता म्हणून नोंद झाली. त्याच विकाराने मेलेल्या सामान्य जनांची नोंद कोण घेणार?

बाहेरून केलेले उपाय

विस्फारावर शस्त्र चालविण्याची कल्पना प्राचीन आहे. ग्रीक शल्यवैद्य अँटिलस याने विस्फाराच्या वर आणि खाली धमनी बांधून मधली पिशवी उघडून रिकामी करावी, असे सांगितले होते. त्याचे स्वतःचे ग्रंथ आज उपलब्ध नाहीत. चौथ्या शतकातील ओरिबासियस या वैद्याने आपल्या संग्रहात त्याची अवतरणे दिली, म्हणून अँटिलस आपल्याला ठाऊक आहे. शोधाइतकाच तो टिपून ठेवणाराही महत्त्वाचा, याचे हे पहिले उदाहरण.

हातापायांच्या धमन्यांना जे चालले ते महाधमनीला चालेना. तिला बांधले तर शरीराचा खालचा अर्धा भाग उपाशी राहतो. लंडनच्या गायज रुग्णालयात अ‍ॅस्टली कूपर याने १८१७ साली महाधमनीला बंध घातला. रोगी दोन दिवसही जगला नाही. १८६४ साली त्याच शहरात चार्ल्स मूर याने विस्फारात २६ यार्ड लांबीची बारीक लोखंडी तार सोडली. तारेच्या गुंत्याभोवती रक्त गोठेल आणि फुगा भरून निघेल, असा त्यामागील विचार. तोही रोगी वाचला नाही. न्यू ऑर्लिन्सच्या रुडॉल्फ माटास याने १९२३ साली महाधमनी बांधून रोगी वाचविला तेव्हा कूपरच्या प्रयत्नाला एक शतक उलटून गेले होते.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या क्षेत्रात किती हतबलता होती हे एका थोर रोग्याच्या उदाहरणावरून कळते. आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या पोटातील महाधमनीत विस्फार असल्याचे १९४८ च्या डिसेंबरात ब्रुकलिन येथील शस्त्रक्रियेत दिसले. शल्यविशारद रुडॉल्फ निसेन यांनी त्याभोवती सेलोफेनचे वेष्टन गुंडाळले. वेष्टनाच्या त्रासाने सभोवती घट्ट ऊती तयार होऊन फुग्याला आवळ बसावा, हा हेतू. आइन्स्टाइन त्यानंतर सहा वर्षांहून अधिक जगले. एप्रिल १९५५ मध्ये फुगा फुटला. तोवर नव्या शस्त्रक्रियेचा मार्ग खुला झाला होता. परंतु त्यांनी ती नाकारली आणि १८ एप्रिल रोजी प्रिन्स्टन येथे त्यांचे निधन झाले.

तो नवा मार्ग २९ मार्च १९५१ रोजी पॅरिसमध्ये उघडला होता. शार्ल द्युबो यांनी पोटातील विस्फार कापून काढून त्या जागी मृत दात्याच्या महाधमनीचा तुकडा बसविला. अर्थात दात्याचे तुकडे किती मिळणार आणि किती टिकणार? न्यूयॉर्कच्या आर्थर व्हूर्हीस यांनी कृत्रिम धाग्याच्या कापडाची नळी वापरून पाहिली. ह्यूस्टनचे मायकेल डिबेकी यांनी डेक्रॉन नावाच्या कापडाच्या नळ्या घरच्या शिवणयंत्रावर शिवल्या. लहानपणी आईने शिवण शिकविले होते, त्याचा असा उपयोग झाला. दुकानात ते नायलॉन घ्यावयास गेले होते, ते संपले होते म्हणून डेक्रॉन आणले, असे ते सांगत. ती नळी पुढे अर्धशतकाहून अधिक काळ टिकणारे साधन ठरली.

परंतु त्यासाठी पोट छातीपासून खालपर्यंत उघडावे लागे, महाधमनीला चिमटा लावून रक्तप्रवाह काही काळ थांबवावा लागे. वृद्ध, हृदयरोगी, श्वासाचे विकार असलेली माणसे हा आघात सोसू शकत नसत. आणि विस्फार बहुधा अशाच माणसांना होतो. ज्याला उपायाची गरज सर्वाधिक, त्यालाच तो सर्वांत कमी पेलणारा, असा हा पेच होता.

आत शिरण्याची विद्या

या पेचातून सुटण्याची वाट रक्तवाहिनीच्या आतून होती, आणि ती वाट शोधणाऱ्यांची कथाही वार्तेच्या विलंबाचीच कथा आहे. १९२९ साली जर्मनीतील एबर्सवाल्ड या लहान गावी वेर्नर फोर्समन या तरुण डॉक्टराने दंडातील नीलेतून एक लांब रबरी नळी स्वतःच्याच हृदयापर्यंत सरकविली आणि त्या स्थितीत चालत जाऊन क्ष-किरण चित्र काढून घेतले. त्याने ते प्रसिद्धही केले. त्याच्या देशबांधवांनी त्याचे कौतुक केले नाही. तो मूत्रविकारांचा सामान्य डॉक्टर म्हणून आयुष्य कंठू लागला. १९५६ साली, सत्तावीस वर्षांनी, नोबेल पारितोषिक त्याच्या घरी चालत आले, तेही अमेरिकेत इतरांनी त्याच्या कल्पनेचा विस्तार केल्यावर.

त्याच १९२९ साली पोर्तुगालमधील लिस्बन येथे रेनाल्दो दुस सांतुश यांनी पाठीतून सुई घालून महाधमनीत रंगद्रव्य सोडले आणि जिवंत माणसाच्या महाधमनीचे क्ष-किरण चित्र प्रथम मिळविले. आमच्या गोमंतकीय वाचकांच्या वाडवडिलांवर तेव्हा याच लिस्बनहून राज्य चालत होते. १९५३ साली स्वीडनच्या स्वेन सेल्डिंगर यांनी आणखी सोपी युक्ती काढली. सुई धमनीत घालायची, सुईतून तार सरकवायची, सुई काढून घ्यायची आणि तारेवरून नळी आत न्यायची. शस्त्राने धमनी उघडी करण्याची गरजच उरली नाही. आजही कोणत्याही अँजिओग्राफीचा प्रारंभ याच तीन हालचालींनी होतो.

आता आत जाता येत होते. आत जाऊन दुरुस्ती करता येईल, हे अमेरिकेच्या पश्चिम टोकाला पोर्टलंड येथील चार्ल्स डॉटर यांनी दाखविले. १६ जानेवारी १९६४ रोजी त्यांनी ८२ वर्षांच्या एका वृद्धेच्या पायातील अरुंद झालेली धमनी आतून नळ्या सरकवून रुंद केली. पाय कापण्यास तिने नकार दिला होता. तिचा पाय वाचला. डॉटर शल्यविशारद नव्हते, क्ष-किरणतज्ज्ञ होते. चित्रे काढणाऱ्याने दुरुस्तीला हात घालावा, हे शल्यविशारदांना रुचले नाही. एकाने तर तपासणीच्या चिठ्ठीवर लिहून पाठविले की चित्र तेवढे काढावे, दुरुस्तीच्या भानगडीत पडू नये. डॉटर यांची विद्या त्यांच्या देशात मागे पडली आणि जर्मनीत रुजली. तेथून ती आंद्रेआस ग्रुन्टझिग यांच्या हाती आली. १९७७ साली झुरिच येथे त्यांनी फुग्याने हृदयाची धमनी रुंद केली, तेव्हा कोठे अमेरिकेने आपल्याच घरची विद्या परत घेतली.

खार्कीव, १९८७

महाधमनीचा प्रश्न मात्र निराळा होता. अरुंद नळी रुंद करणे वेगळे आणि फुगलेल्या नळीच्या आत दुसरी नळी बसविणे वेगळे. कापडाची नळी जांघेतील धमनीतून घडी करून वर नेता येईल. परंतु वाहत्या रक्ताच्या रेट्यात ती जागेवर राहावी कशी? बाहेरून शिवता येत नाही, आतून शिवायला हात पोचत नाही.

खार्कीव येथील सामान्य व तातडीच्या शल्यचिकित्सेच्या संस्थेतील निकोलाय व्होलोदोस (१९३४–२०१६) यांनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात यावर उपाय काढला. नागमोडी वळविलेल्या तारेचे कडे त्यांनी कापडी नळीला जोडले. दाबले की ते लहान होई आणि सोडले की उसळून उघडे. अशी आवळलेली नळी एका आवरणात भरून जांघेतून वर न्यायची आणि योग्य जागी आवरण मागे ओढायचे. स्प्रिंग उघडते आणि निरोगी भित्तीला घट्ट धरून बसते. रक्त आता नव्या नळीतून वाहते. भोवतालच्या फुग्यावरचा दाब उतरतो. या साधनाला त्यांनी 'स्वयंस्थिर कृत्रिम नळी' अशा अर्थाचे नाव दिले. १९८५ साली त्यांनी ती श्रोणीतील धमनीत बसविली. २४ मार्च १९८७ रोजी दुखापतीनंतर छातीतील महाधमनीत विस्फार झालेल्या एका रोग्याला त्यांनी जांघेतून अशी नळी बसविली, आणि तो बरा झाला. छाती न उघडता महाधमनीचा विस्फार दुरुस्त करण्याची जगातील ही पहिली यशस्वी घटना होय.

व्होलोदोस यांनी हे दडवून ठेवले नाही. १९८६ साली लेनिनग्राडच्या शल्यचिकित्सेच्या नियतकालिकात त्यांनी साधनाचे वर्णन दिले. १९८८ साली छातीच्या शल्यचिकित्सेला वाहिलेल्या दुसऱ्या नियतकालिकात त्या रोग्याची हकीकत छापली. दोन्ही लेख रशियन भाषेत होते. ज्या भाषेत कोट्यवधी लोक वाचतात, जिच्यात श्रेष्ठ वाङ्मय आहे, अशीही भाषा त्या काळी वैद्यकाच्या पश्चिमी जगाला जवळजवळ बंद होती. भाषेखेरीज राज्ययंत्रणेची भिंत होती. परदेशी परिषदांना जाणे सोपे नव्हते, आणि एखादी कल्पना उचलून तिचे हजारो नग तयार करणारा उद्योगही पाठीशी नव्हता. १९९१ साली स्वित्झर्लंडमधील 'वासा' या नियतकालिकाच्या पुरवणीत त्यांचा अनुभव इंग्रजी वाचकांसमोर आला. परंतु त्याच वर्षी आणखी एक लेख प्रसिद्ध झाला होता, आणि जगाने तो वाचला.

ब्युनोस आयरिस, १९९०

हुआन कार्लोस पारोदी हे आर्जेंटिनाचे शल्यविशारद. अमेरिकेतील क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये शिकत असताना उघड्या शस्त्रक्रियेनंतर दगावणारे वृद्ध रोगी त्यांनी पाहिले होते आणि १९७६ पासून आतून नळी बसविण्याची कल्पना त्यांच्या मनात घोळत होती. नळी जागी धरून कशी ठेवावी, हीच अडचण त्यांनाही होती. तिचे उत्तर त्यांना आर्जेंटिनाचेच, पण टेक्ससमधील सॅन अँटोनियो येथे काम करणाऱ्या हुलिओ पाल्माझ यांच्या साधनात मिळाले. पाल्माझ यांनी धातूची जाळीदार नळी, म्हणजे आज सर्वपरिचित झालेला स्टेंट, तयार केला होता. आतला फुगा फुगविला की तो पसरतो आणि पसरलेलाच राहतो. पारोदी यांनी डेक्रॉनची नळी या स्टेंटला शिवली. सप्टेंबर १९९० मध्ये ब्युनोस आयरिस येथे फुप्फुसाच्या विकाराने जर्जर, उघडी शस्त्रक्रिया सोसू न शकणाऱ्या एका वृद्धाच्या पोटातील विस्फारात त्यांनी ती जांघेतून बसविली. १९९१ साली पाल्माझ आणि अभियंते एक्तोर बारोने यांच्यासह त्यांनी पाच रोग्यांचा अनुभव रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सेच्या इंग्रजी नियतकालिकात प्रसिद्ध केला.

येथून पुढची गती पाहण्यासारखी आहे. नोव्हेंबर १९९२ मध्ये पारोदी स्वतः न्यूयॉर्कला गेले आणि माँटेफिओरे रुग्णालयात फ्रँक व्हीथ व मायकेल मारिन यांच्यासह ही क्रिया अमेरिकेत प्रथम केली. १९९४ साली स्टॅनफर्डच्या मायकेल डेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी छातीतील महाधमनीच्या तेरा रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. दोन्ही पायांकडे जाणाऱ्या दुफाटी नळ्या आल्या. मूत्रपिंडाच्या धमन्यांची तोंडे झाकली जाऊ नयेत म्हणून नेमक्या जागी खिडक्या ठेवलेल्या नळ्या आल्या. त्यांत ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील चमूचा वाटा मोठा होता. सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा दोन साधनांना मान्यता दिली.

पारोदी यांचे श्रेय यात कोठेही उणे होत नाही. त्यांचा शोध स्वतंत्र होता, पोटातील विस्फाराचा अधिक व्यापक प्रश्न त्यांनी हाती घेतला आणि आपली विद्या त्यांनी हिंडून शिकविली. फरक एवढाच की त्यांच्या शोधाला वाहन मिळाले. सहकारी अमेरिकेत, लेख इंग्रजीत आणि उद्योग उत्सुक. दोघेही वैद्यकाच्या राजधान्यांपासून दूरच होते. त्यांतील एकाच्या दारातून रस्ता जात होता, दुसऱ्याच्या दारातून जात नव्हता. पुष्कळ वर्षे पश्चिमेकडील इतिहासकथन १९९० पासूनच सुरू होई. व्होलोदोस यांनी २०१३ साली, वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर, आपल्या पहिल्या पावलांची हकीकत इंग्रजी नियतकालिकात सविस्तर लिहिली. आता जाणकार त्यांचे नाव प्रथम घेतात. २०१६ साली ते गेले. त्यांचे शहर फेब्रुवारी २०२२ पासून रशियन तोफा-क्षेपणास्त्रांचे लक्ष्य झाले. ज्या भाषेत त्यांनी आपला शोध प्रथम सांगितला, तीच आक्रमकांची भाषा असावी, हा इतिहासाचा विलक्षण खेळ आहे.

न सांगितलेले आणि उशिरा कळलेले

वार्ता भाषेमुळे अडते तशी स्वार्थामुळेही अडविली जाते. १९९९ साली मान्यता मिळालेल्या दोन साधनांपैकी एक एन्डोव्हॅस्क्युलर टेक्नॉलॉजीज या कंपनीचे होते. ही गायडंट या मोठ्या कंपनीची उपकंपनी. काही रोग्यांत नळी वर नेणारे उपकरण आतच अडकत असे. कायद्याने अशा प्रत्येक घटनेची नोंद सरकारकडे करणे बंधनकारक होते. काही कर्मचाऱ्यांच्या निनावी पत्राने प्रकरणाला वाचा फुटली. जून २००३ मध्ये कंपनीने न्यायालयात दहा गुन्हे कबूल केले आणि नऊ कोटी चोवीस लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. २,६०० हून अधिक बिघाड तिने कळविले नव्हते. त्यांत बारा मृत्यू होते. ते साधन त्यानंतर बाजारातून गेले. खार्कीवच्या बाबतीत सांगणारा होता, ऐकणारे नव्हते. येथे ऐकणारे उत्सुक होते, आणि सांगणाऱ्यांनीच तोंड मिटले होते.

याउलट, कटू वार्ताही निष्ठेने सांगितल्याचे उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. १९९९ पासून तेथील ३७ रुग्णालयांत एक मोठी तुलना हाती घेण्यात आली. उघडी शस्त्रक्रिया सोसू शकतील अशा रोग्यांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागले. एका गटाला जुनी शस्त्रक्रिया, दुसऱ्याला आतली नळी. २००४ साली पहिला निकाल आला. तीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण आतल्या नळीच्या गटात शेकडा १.७, तर उघड्या शस्त्रक्रियेच्या गटात शेकडा ४.७. नव्या पद्धतीचा हा निर्विवाद विजय वाटला. एखाद्याने तेथेच हिशेब बंद केला असता. या संशोधकांनी तो चालू ठेवला आणि पंधरा वर्षांचा हिशेब २०१६ साली मांडला. त्यात सुरुवातीचा लाभ काही वर्षांत ओसरलेला दिसला. आठ वर्षांनंतर तर आतली नळी बसविलेल्या गटात मृत्यू अधिक होते, आणि त्याचे एक मुख्य कारण जुना फुगा पुन्हा फुटणे हे होते.

याचे कारण यंत्राच्या स्वभावातच आहे. उघड्या शस्त्रक्रियेत नळी टाक्यांनी शिवलेली असते आणि फुग्याचा निकाल लागलेला असतो. आतल्या नळीच्या बाबतीत फुगा जागच्या जागी राहतो. नळी केवळ दाबून धरलेली असते. भित्ती पुढे आणखी रुंदावली, नळी थोडी सरकली किंवा एखाद्या लहान फाट्यातून रक्त उलटे आले, तर फुग्यात पुन्हा दाब चढतो. म्हणून या रोग्याला आयुष्यभर ठरावीक काळाने सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करून घ्यावे लागते. जखम चार दिवसांत भरते, पण उपचार कधीच संपत नाही.

या निकालांवरून ब्रिटनच्या आरोग्य-मार्गदर्शक संस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या मसुद्यात, न फुटलेल्या विस्फारासाठी ही पद्धती वापरूच नये, अशी शिफारस केली. मोठा वाद झाला आणि २०२० च्या अंतिम मार्गदर्शनात भूमिका सौम्य झाली. फुटलेल्या विस्फारात, जेथे रोग्याला भूल देणेही धोक्याचे, तेथे आतल्या वाटेचे महत्त्व त्यांनीही मानले. आज समंजस डॉक्टर दोन्ही पद्धती जाणतो. रोगी तुलनेने तरुण व सशक्त असेल तर उघडी शस्त्रक्रिया; वृद्ध वा दुर्बळ असेल आणि धमनीची ठेवण अनुकूल असेल तर आतली नळी. पुरुषांत साधारणतः ५.५ सेंटिमीटर रुंदीपर्यंत दोन्हींपैकी काहीच न करता नियमित तपासणी करीत राहणे हेच शहाणपणाचे, असेही दीर्घ अभ्यासांनी ठरले आहे.

डिबेकींची अखेर या संदर्भात बोलकी आहे. ३१ डिसेंबर २००५ रोजी, ९७ व्या वर्षी, त्यांना स्वतःलाच महाधमनीचे भित्ती-विदारण झाले. ज्या विकाराचे वर्गीकरण त्यांच्या नावाने ओळखले जाते, तोच हा विकार. फेब्रुवारी २००६ मध्ये ह्यूस्टन येथे त्यांचे सहकारी जॉर्ज नून यांनी त्यांची छाती उघडून, डिबेकींनीच रूढ केलेल्या जुन्या पद्धतीने, डेक्रॉनची नळी बसविली. ते बरे होऊन पुन्हा कामावर जाऊ लागले आणि ११ जुलै २००८ रोजी, शंभरीला दोन महिने उरले असताना निवर्तले. हृदयालगतच्या ज्या भागात त्यांचा विकार होता, तेथे आजही उघडी शस्त्रक्रिया हाच मुख्य आधार आहे. नवी वाट सापडली म्हणून जुनी वाट मोडीत निघत नाही.

वाचकांसाठी दोन शब्द

आपल्या वाचकांपैकी अनेक जण साठी-सत्तरी ओलांडलेले आहेत, म्हणून एक व्यावहारिक गोष्ट सांगणे अनुचित ठरणार नाही. विस्फार फुटण्यापूर्वी पोटाच्या साध्या सोनोग्राफीत दिसतो. इंग्लंडमध्ये २००९ पासून पासष्ट वर्षांच्या पुरुषांना अशा एकाच तपासणीसाठी बोलावण्याची योजना टप्प्याटप्प्याने सुरू झाली. ज्यांनी अनेक वर्षे धूम्रपान केले आहे, किंवा ज्यांच्या वडील-भावंडांत हा विकार झाला आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांशी याविषयी अवश्य बोलावे. ज्यांच्या महाधमनीत नळी बसविलेली आहे त्यांनी शस्त्रक्रियेची कागदपत्रे, नळीचा प्रकार आणि दरवेळचे मोजमाप एका ठिकाणी जपून ठेवावे आणि घरच्यांनाही ते दाखवून ठेवावे. पुढच्या डॉक्टरला त्या कागदांवाचून आतले काहीच कळत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या मंडळाच्या कार्याशी निगडित आहे. इंदूर-ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, गोवे येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आपल्या घरांत दोन-तीन भाषा सहज वावरतात. एका भाषेत लिहिलेले शेजारच्या भाषेत पोचत नाही, हा अनुभव आपल्याला नवा नाही. व्होलोदोस यांचे दोन रशियन लेख १९८८ साली कोणी वाचून, भाषांतरून इंग्रजी नियतकालिकाकडे पाठविले असते, तर त्या तीन-चार वर्षांत किती रोगी वाचले असते याचा हिशेब आज कोणी मांडू शकणार नाही. खार्कीवमध्ये कुशल हातांची वाण नव्हती, नळीची नव्हती, धैर्याचीही नव्हती. दोन भाषा जाणणारा आणि त्या लेखांचे मोल ओळखणारा एक वाचक तेवढा कमी पडला. असे वाचक तयार करणे आणि त्यांना लिहिते ठेवणे हे आपल्यासारख्या मंडळांना साधण्याजोगे काम आहे, आणि त्यासाठी शल्यविशारद असण्याची गरज नाही.